गोग, सेझान आणि जवसाचं तेल

गुणवंतराव निकुरे मास्तरांनी आयुष्यात गोगचं एकच चित्र पाहिलं होतं आणि सेझानचंही एकच. दोन्ही छापील, दोन्ही वहीच्या पानाएवढी, दोन्ही नागपुरात सीताबर्डीवरच्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडून आणलेली. एवढ्या भांडवलावर हा माणूस बारा वर्षं त्या दोघांच्या शैलींची तुलना करत आला होता. अख्ख्या चांदा जिल्ह्यात त्यांना खोडून काढणारं कोणी नव्हतं, आणि आपली सगळी विद्वत्ता याच एका गोष्टीवर उभी आहे हे मास्तरांना स्वतःलाही पुरतं ठाऊक होतं. नावांचे उच्चारसुद्धा त्यांनी आपले आपणच ठरवले होते. एक गोग, दुसरा सेझान. फ्रान्सात काय म्हणत असतील ते फ्रान्सवाल्यांनी पाहून घ्यावं.

मास्तर आरमोरीच्या शाळेत चित्रकला शिकवत. म्हणजे पोरांकडून केळीचं पान, तांब्या आणि झेंडा काढून घेत, आणि उरलेल्या वेळात ज्या मास्तरला ताप आला असेल त्याचा वर्ग सांभाळत. घर मात्र दोन कोसांवर, वैरागडच्या रस्त्याला पळसटोल्यात. रोज सायकलनं जाणं आणि सायकलनं येणं. ती दोन चित्रं घरात ओसरीच्या भिंतीवर चिकटवलेली होती. गोगच्या चित्रात पिवळं शेत आणि निळं आभाळ, दोन्ही रवीनं घुसळल्यासारखी. सेझानच्या चित्रात एका चुरगळलेल्या फडक्यावर सात सफरचंदं. पळसटोल्यात सफरचंद कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे गाव त्यांना टेंभरं, म्हणजे जंगलातली तेंदूची फळं, समजायचं. मास्तरांनी एकदा बायकोला, शकुबाईंना, समजावून सांगितलं की हे टेंभर नव्हे, हे वेगळं फळ आहे, आणि हा चित्रकार एकेक फळ महिना-महिना पाहत बसायचा. मग खाल्ली का त्यानं, असं शकुबाईंनी विचारलं. नाही, तोवर सडायची, असं मास्तर म्हणाले. त्या दिवसापासून सेझानबद्दलचं शकुबाईंचं मत कायमचं ठरून गेलं.

मास्तरांचे वडील बापूजी निकुरे. पासष्टी ओलांडलेला, धानात मुरलेला माणूस. पोरगा नागपूरला वर्षभर चित्रकला शिकायला गेला तेव्हा त्यांनी अडवलं नाही आणि परत आला तेव्हा काय शिकलास असं विचारलंही नाही. बारा वर्षांत ओसरीवरच्या त्या दोन चित्रांकडे त्यांनी एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं. कोणी विचारलं की तुमचा गुणवंता काय करतो, तर म्हणत, शाळेत असतो. शाळेत शिकवतो असं नाही, नुसतं असतो.

निकुऱ्यांच्या घरात कामाची ओळख सोपी होती. संध्याकाळी कंबर दुखली तर काम झालं, नाही दुखली तर दिवस गेला. धानाची रोपं लावायचा रोवणा असो, कापणी असो की खळ्यावर बैलांनी धान मळायचा चुरणा असो, दिवेलागणीला शकुबाई जवसाच्या तेलात लसणाच्या पाकळ्या घालून ते कढवत आणि त्याची वाटी ओसरीवर आणून ठेवत. आधी बापूजी कंबरेला चोळत, मग सालगडी दसरू, मग दिवसभर बांधीत, धानाच्या वाफ्यात, वाकलेल्या शकुबाई ती वाटी आत घेऊन जात. वाटी मास्तरांच्या पुढ्यातून जायची, थांबायची नाही. मास्तरांनी हात पुढं केला असता तर कोणी नाही म्हटलं नसतं. पण हात पुढं करायचा तर आधी कंबर दुखायला हवी, आणि खडूनं तांब्या काढून कोणाची कंबर दुखते? बारा वर्षं मास्तरांना एकच गोष्ट हवी होती. ती बढती नव्हती की बदली नव्हती. बानं एकदा, एकदाच, ती वाटी आपल्याकडं सरकवावी. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. बत्तीस-चौतीस वर्षांच्या बाप्यानं असलं काही सांगायचं म्हणजे लाजच की.

चोपन्न सालच्या भादव्यात बापूजी बांधावरून घसरले आणि त्यांचा पाय मोडला. वैदूनं बांबूच्या काड्या लावून पाय बांधला आणि कार्तिक संपेपर्यंत बाजेवरून उठायचं नाही म्हणून बजावलं. त्याच सुमाराला आरमोरीच्या वाचनालयाचं पत्र आलं. वार्षिक उत्सवात निकुरे मास्तरांनी व्याख्यान द्यावं, विषय त्यांच्या आवडीचा. मास्तर हरखले. विषय ठरलेलाच होता, दोन थोर चित्रकार. अडचण एवढीच की दाखवायचं काय? वहीच्या पानाएवढी ती दोन चित्रं, त्यातल्या एकावर माश्यांनी बारा वर्षं आपली सही केलेली. तेव्हा मास्तरांच्या डोक्यात एक किडा वळवळला. एकच माणूस दोनदा रंगवायचा. एकदा गोग रंगवेल तसा, एकदा सेझान रंगवेल तसा. मग आपोआप तुलना होते. पण सेझानसाठी बसायचं तर माणूस असा हवा की जो हलणार नाही, आणि तसा माणूस सगळ्या पळसटोल्यात त्या घडीला एकच होता.

बापूजींना विचारायला मास्तरांना तीन दिवस लागले. बापूजी म्हणाले, "पाय तर बांधूनच ठेवला हाय. बाजेवर बसलो काय अन् तुयापुढं बसलो काय."

आधी सेझान सुरू झाला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी शाळेच्या आधी दोन तास, आणि सुट्टीच्या दिवशी अख्खा दिवस. सेझानची रीत अशी की घाई करायची नाही. एक ठिपका लावायचा, मग पाहायचं, मग त्याला लागून तिरका दुसरा ठिपका लावायचा. नाक आहे, डोळा आहे असं समजायचंच नाही. डोकं म्हणजे अंड्यासारखा गोल, मान म्हणजे खांब, खांदे म्हणजे कणगी, आणि हे सगळं रंगाच्या लहान-लहान तुकड्यांनी असं रचत जायचं की शेवटी माणूस जमिनीत रोवल्यासारखा जड दिसला पाहिजे. हे मास्तरांना तोंडपाठ होतं. हाताला मात्र पाठ नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी बापूजींचं डोकं चार वेळा पुसलं.

हलू नको बा, असं मास्तर दर पाच मिनिटांनी म्हणत. बापूजींनी एकदाच विचारलं की टेंभरावानी बसू म्हणतोस काय. मास्तर हो म्हणाले. त्यानंतर ते खरोखरच टेंभरासारखे बसले.

रंगात घालायचं, नागपूरहून आणलेलं तेल दुसऱ्याच आठवड्यात संपलं. मग मास्तर घाणीवरचं जवसाचं तेल चोरून रंगात कालवू लागले. तेच तेल, वाटीतलं. शकुबाईंच्या ते लक्षात आलं, कारण भाजीला तेल कमी पडू लागलं आणि ओसरीवर चित्राला फोडणीचा वास येऊ लागला. मुंग्याही लागल्या. कच्चं तेल वाळता वाळेना, आणि मास्तर म्हणाले की थोरांच्या चित्रांचं असंच असतं. ही थाप होती. थोरांची चित्रं वाळतात की नाही हे त्यांना मुळीच माहीत नव्हतं.

बसल्या-बसल्या बापूजी कधी विचारत, हा तुझा गोग काय करायचा? मास्तर सांगत. त्याचं डोकं फिरलं होतं, त्यानं स्वतःचा कान कापला. मग त्याला कामावर ठेवलं काय कोणी? नाही, नोकरी नव्हतीच, घर धाकटा भाऊ चालवायचा. भाऊ चांगला होता, एवढंच बापूजी म्हणाले, आणि मास्तरांचा ब्रश जागच्या जागी थांबला. पंधरा दिवसांनी बापूजींनी विचारलं, "अन् या दुसऱ्याचा बाप? त्याले काय वाटे?"

सेझानच्या बापाचा विषय मास्तरांनी मुद्दामच काढला नव्हता. त्या बापाची मोठी पेढी होती आणि पोरानं तिथं बसावं अशी त्याची इच्छा होती. मास्तरांनी ते सांगितलं. पोरगा बसला नाही हेही सांगितलं.

"मंग बाप?"

"बाप बसला," मास्तर म्हणाले. "चित्रासाठी. पेपर वाचत बसला होता, पोरानं तसाच काढला."

बापूजी पुन्हा टेंभर होऊन बसले. टेंभराला काय बोलता येतं? मास्तर पुन्हा कानाच्या पाळीकडे वळले, कारण डोळ्यांकडे पाहायची त्यांची छाती झाली नाही.

सेझान सात आठवड्यांनी उरकला. गोग एका दुपारी झाला. गोगची रीतच ती. समोरचं दिसतं तसं नव्हे, पाहून छातीत जे होतं तसं रंगवायचं. रंग नळीतून काढायचा तो थेट लोण्यासारखा थापायचा, रेघा वळवायच्या, पिवळ्याच्या शेजारी निळा असा ठेवायचा की दोघांचं भांडण लागलं पाहिजे. मास्तरांनी पिवळ्याची अख्खी नळी एकट्या फेट्यावर संपवली. फेटा पेटल्यासारखा दिसू लागला, दाढी भोवऱ्यासारखी फिरू लागली, आणि मागची साधी मातीची भिंत लाटांसारखी हेलकावे खायला लागली. मास्तर घामाघूम झाले आणि त्या दुपारी त्यांना खरोखरच वाटलं की आपण गोग आहोत. शकुबाई चहा घेऊन आल्या, चित्राकडे पाहिलं आणि बाले ताप चढला काय म्हणून बापूजींच्या कपाळाला हात लावला. मास्तर परत निकुरे झाले.

बापूजींनी मात्र दोन्ही वेळा चित्राच्या बाजूनं येऊन पाहिलं नाही. कापणी झाली, पाय सुटला, ते काठी टेकत शेतावर जाऊ लागले, खळ्यावर चुरणा सुरू झाला, तरी नाही. पौषात बाजाराच्या दिवशी व्याख्यान होतं. मास्तरांनी दोन्ही चित्रं धानाच्या तणसात गुंडाळून गाडीत ठेवली तेव्हा बापूजी कासरे हातात घेऊन पुढं बसलेले दिसले. मास्तरांनी आडून-आडून सुचवलं की गर्दी असेल, भाषण लांबेल, पाय दुखेल. बापूजी म्हणाले की मी दीड-दोन महिने बसलो, त्याचं काय झालं ते पाहतो. झालं! गावापुढं फजिती झाली तर माणूस गाव सोडू शकतो, बापापुढं झाली तर कुठं जाणार?

वाचनालयात नथ्थू नावाचा शिपाई होता. वीस वर्षांत या हॉलमध्ये जेवढे उत्सव झाले त्यांचं हळदकुंकू, उदबत्ती, नारळ आणि हार नथ्थूच्या हातून झालेलं. उत्सव म्हटला की सुरुवातीला प्रतिमापूजन, ही त्याच्या लेखी सूर्य उगवण्याइतकी पक्की गोष्ट. आणि प्रतिमा ज्याची असते तो माणूस गेलेला असतो, हीही तितकीच पक्की. त्या मुलखात जित्या माणसाला चौकटीत घालून भिंतीला टांगायची रीतच नव्हती. फोटो म्हणजे मागे राहतो तो. मास्तर आतल्या खोलीत चाळीस पानी वही शेवटची चाळत असताना नथ्थूनं दोन्ही चित्रं सोडली. हार एकच आणलेला. त्यानं दोन्हीकडे नीट पाहिलं. एक म्हातारा पेटलेला, अंगात आल्यासारखा, तो काही पूजेचा वाटेना. तो त्यानं भिंतीकडे तोंड करून ठेवला. दुसरा शांत, जड, निळसर, कशातच नसलेला. हाच गेलेला, असं त्यानं ठरवलं आणि त्याच्या पुढ्यात उदबत्ती लावली.

अध्यक्ष म्हणजे एक पेन्शनर रेंजर साहेब. उशिरा आले, फळ्यावर "दोन थोर चित्रकार, गोग आणि सेझान" वाचलं, प्रतिमा पाहिली आणि हा त्या दोघांतलाच एक असा त्यांचा हिशेब जुळला. ते चित्राजवळ गेले, चष्मा वर केला, आणि चाळीस माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय काम आहे हो! किती शांत मुद्रा."

आता इथं मास्तरांनी बोलायला हवं होतं. साहेब, हा चित्रकार नव्हे, हे माझे वडील, तिकडे शेवटच्या बाकावर बसलेत, एवढंच वाक्य. त्यांनी तोंड उघडलंही. पण बारा वर्षांत त्यांच्या एखाद्या चित्राला कोणी काम म्हटलं नव्हतं. तो शब्द कानात शिरला आणि मास्तर विरघळले. तोंड मिटलं. स्वतःची समजूतही त्यांनी लगेच घातली, की साहेबांना चारचौघांत तोंडघशी पाडणं बरं नव्हे, आणि शिवाय सेझान मेलेलाच आहे, श्रद्धांजली काही वाया जाणार नाही.

रेंजर साहेबांनी हार घातला. नारळ फुटला. मग साहेब गंभीर झाले आणि म्हणाले की हे थोर चित्रकार आज आपल्यात नाहीत, त्यांच्या स्मृतीस आपण दोन मिनिटं उभं राहून आदरांजली वाहू. चाळीस माणसं उभी राहिली. शेवटच्या बाकावरून बापूजीही काठी टेकत उभे राहिले. त्यांनी फेटा काढून बगलेत धरला, मान खाली घातली आणि सगळ्यांसारखे हात जोडले. मास्तरांनी ते पाहिलं आणि जमीन दुभंगेल तर बरं असं त्यांना वाटलं, पण वाचनालयाची जमीन चांगली फरशीची होती.

दीड मिनिट गेलं असेल. सुगंधाबाई, बापूजींची धाकटी बहीण, आरमोरीतच दिलेली. लाखोळीच्या डाळीची टोपली डोक्यावर घेऊन बाजारातून चालली होती. भाच्याचं भाषण आहे म्हणून दारातून डोकावली. समोर भावाचा चेहरा, गळ्यात हार, पुढं उदबत्ती, आणि सगळं गाव मान खाली घालून उभं. टोपली खाली पडली, लाखोळी साऱ्या हॉलभर उधळली, आणि बाईनं ऊर बडवून हंबरडा फोडला, "माया भाऊ गेला वं माय! मले कोणी सांगितलं बी नाई!"

मास्तरांच्या मनात त्या क्षणी जे आलं ते त्यांनी पुढं कितीतरी वर्षं कोणाला सांगितलं नाही. आत्या ऊर बडवत होती, आणि मास्तरांना वाटलं, ओळखलं! दारातून, वीस हातांवरून, पहिल्या नजरेत ओळखलं! हा आनंद एक क्षणभर टिकला. मग त्यांना स्वतःची अशी शिसारी आली की त्यांनी हातातली वही बाकाखाली ढकलली.

"सुगंधा," मागून बापूजींचा आवाज आला, "मी इथी उभा आहो. उगी राह्य. दोन मिनिटं व्हायची हायेत अजून."

सुगंधाबाईनं मागं पाहिलं, पुढं पाहिलं, पुन्हा मागं पाहिलं. मग ती धावत भावाकडे गेली, त्याच्या दंडाला हात लावून पाहिला, आणि त्याच दंडावर दोन चापट्या हाणल्या. हॉल असा हसला की बाजारातली माणसं खिडक्यांशी गोळा झाली. रेंजर साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि हळूच विचारलं की मग हे गोग नव्हेत का? हे माझे वडील आहेत साहेब, असं मास्तरांनी सांगितलं, दीड मिनिट उशिरा.

व्याख्यान व्हायचंच होतं, ते झालं. मास्तर दोन वाक्यं बोलले आणि शांत हा शब्द आला की लोक पुन्हा हसले. नथ्थूनं दुसरं चित्र फिरवून समोर ठेवलं. लाखोळी वेचता-वेचता सुगंधाबाईनं वर पाहिलं आणि मोठ्यानं सांगून टाकलं की हा दादाचा तापातला फोटू अन् हा ताप गेल्यावरचा. मास्तरांच्या वहीतली चाळीस पानं हीच होती. एक आतून पेटलेला, दुसरा सगळं विझल्यावर उरलेला. बारा वर्षं लागली होती त्यांना तेवढं लिहायला. त्यांनी नमस्कार केला आणि खाली बसले. टाळ्या चांगल्या पडल्या. रेंजर साहेबांनी आभारात असंही म्हटलं की इतका रंगलेला उत्सव कित्येक वर्षांत झाला नव्हता, आणि मास्तरांनी मान हलवली, कारण ते खरंच होतं.

परतताना ऊन उतरलं होतं. हार काढताना झेंडूच्या पाकळ्या ओल्या रंगाला चिकटून राहिल्या होत्या, त्या मास्तर गाडीत बसून नखानं सोडवत होते. सुटत नव्हत्या. जवसाचं तेल आता वाळायला लागलं होतं, आता, व्याख्यान संपल्यावर. दोन्ही चित्रं गाडीच्या साट्याला टेकवलेली होती. अर्ध्या वाटेवर बापूजींनी बैलांचा वेग कमी केला आणि मागं वळून, पहिल्यांदाच, दोन्ही चित्रं नीट पाहिली. पुष्कळ वेळ पाहिली. बैल आपापले चालत राहिले.

"या एकानं बांधीत चिखल केला," ते म्हणाले. "दुसऱ्यानं एक-एक बांधी पाडली, बांधाचा धुरा धरला, पानी अडवलं. दोघायले बी आपापलं काम येते."

मास्तरांच्या हातातली पाकळी गळाली. काम म्हणाले. पण ते गोगच्या कामाला म्हणाले आणि सेझानच्या कामाला म्हणाले, हे मास्तरांना लगेच कळलं. न कळायला ते मूर्ख नव्हते, एवढाच त्यांचा तोटा होता.

बापूजींनी पुन्हा पुढं तोंड केलं आणि कासरे ओढले. "हा त्याचा फोटू. तो दुसऱ्याचा. मंग तुयावाला कोणता?"

मास्तरांनी दोन्ही चित्रांकडे आळीपाळीनं पाहिलं, जणू कुठंतरी कोपऱ्यात आपण सापडू. त्यात निकुऱ्यांचं म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे घाणीवरचं तेल, आणि तेही चोरलेलं. त्या संध्याकाळी ओसरीवर वाटी आली तेव्हा मास्तर आतच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळी मास्तर बाहेर आले तर खळ्यावर दसरू एकटाच बैल फिरवत होता. कालचा एक दिवस सोडला तर चुरण्याच्या दिवसांत बापूजी खळं सोडून हलत नसत. अगदी मोडलेल्या पायानंही कापणीच्या वेळी त्यांनी स्वतःला बाजेसकट बांधावर न्यायला लावलं होतं. आज ते खळ्याच्या कडेला तणसाच्या ढिगावर उन्हात बसलेले होते. फेटा बांधलेला, काठी आडवी मांडीवर, हात काठीवर. तोंड घराकडे. मास्तर जवळ गेले आणि काय झालं, पाय दुखतो का असं त्यांनी विचारलं.

"नाई दुखत," बापूजी म्हणाले. "बस. आज कोणाचा नको काढू."

रंग संपलेले होते. मास्तरांनी चुलीतला कोळसा घेतला, घराला लावायचा गेरू घेतला, आणि धान पाखडायच्या जागेवरची एक रुंद फळी उचलून मांडीवर ठेवली. मग त्यांची जी त्रेधा उडाली ती सांगायला नको. हात आपोआप तिरके ठिपके लावू लागे, मग ते पुसायचे. रेघ आपोआप वळायला लागे, मग ती थांबवायची. एक माणूस आत बसून सेझान सांगे, दुसरा गोग सांगे, आणि दोघांना हाकलून दिल्यावर तिथं कोणीच उरत नसे. दुपारपर्यंत फळी तीनदा धुतली गेली. शकुबाई भाकर देऊन गेल्या, ती वाळली. दुपारनंतर मास्तर नुसते पाहत बसले. बाच्या डाव्या भुवईत एक जुनी खोक होती. ती सात आठवड्यांत त्यांना दिसली नव्हती, कारण सेझानच्या ठिपक्यात ती बसत नव्हती. विळा उडून लागलेली. मास्तर सहा वर्षांचे होते आणि बाच्या पायात लुडबुडत होते, म्हणून तो विळा उडाला होता. हे सगळं आठवलं तेव्हा मास्तरांनी कोळसा उचलला आणि खोकीपासून सुरुवात केली. ऊन कलेपर्यंत ते फळीवर वाकून होते, मान वर केली ती फक्त बापाकडे पाहायला.

चित्र काही फार चांगलं झालं नाही. नाक वाकडं गेलं, एक खांदा दुसऱ्याहून मोठा झाला, गेरू ओघळला. सेझाननं पाहिलं असतं तर पुसायला सांगितलं असतं आणि गोगनं पाहिलं असतं तर आणखी पिवळा मागितला असता. पण त्यात भुवईवरची ती खोक होती. ती दोघांपैकी कोणालाही काढता आली नसती.

बापूजी उठले, फळीजवळ आले, वाकून पाहिलं. बोट लावलं, खोकीवरचा कोळसा थोडा पुसला गेला, तसे मागं सरले. मग ते खळ्याकडे निघून गेले. मास्तर उठायला गेले आणि उठता येईना. कंबरेत अशी कळ निघाली की ते तणसाला धरून अर्ध्यातच वाकून राहिले, मग तसेच कुबड काढून ओसरीपर्यंत आले.

दिवेलागणीला शकुबाईंनी वाटी आणून ठेवली. बापूजींनी तेलात बोटं बुडवली, कंबरेला चोळली. दसरूनं हात पुढं केला. बापूजींनी वाटी त्याच्याकडे दिली नाही. हातात तशीच धरून ते सुनेकडे वळले.

"बाई, हे आधी गुणवंताले दे," ते म्हणाले. "दिवसभर काम करून राह्यला तो."